सकाळीच अडकणारा संगणक

पूर्ण बंद पडलेल्या संगणकाचा दोष लवकर सापडतो. पंखा फिरतो का, बीप येते का, पडदा उजळतो का, एवढं पाहिलं तरी बिघाड कुठल्या भागात आहे याचा अंदाज येतो. खरा त्रास देतो तो अधूनमधून अडकणारा संगणक. सोमवारी लोगोवरच थिजतो, मंगळवार-बुधवार बिनतक्रार चालतो आणि दुकानात नेला की पहिल्याच झटक्यात सुरू होतो. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ साली संगणक का बंद पडतात यावर एक निबंध लिहिला. वापरात रुळलेल्या सॉफ्टवेअरमधले बरेचसे दोष यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होतात, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. घरच्या यंत्राबाबत नेमकी हीच सोय घातक ठरते. बटण दाबून धरलं, पुन्हा सुरू केलं, काम चाललं. आणि दोष आत तसाच वाढत राहिला.

नाशिकला आमच्या घरच्या डेस्कटॉपचं हेच झालं. हिवाळा लागला तसा तो सकाळी विंडोजचा लोगो दाखवून थांबू लागला. लोगोखालचे गोल फिरणारे ठिपकेही गोठत. दुरुस्तीच्या दुकानात एकच उपाय सांगितला गेला: ‘फॉरमॅट मारून देतो.’ विंडोज नव्याने पडलं, काही सकाळी बऱ्या गेल्या आणि यंत्र पुन्हा तिथंच अडकलं. मधल्या मध्ये डेस्कटॉपवर ठेवलेली कागदपत्रं पुसली गेली. काय जपून ठेवायचं आहे, हे तिथं कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, बॅकअपचं. संगणक ज्या दिवशी नीट सुरू होईल त्याच दिवशी फोटो, हिशेब आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, ‘स्मार्ट’ या नावाने ती पाहता येते, आणि खराब सेक्टरांचा आकडा वाढताना दिसला तर डिस्क बदलावीच. पण त्यात काही वावगं दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

दुसरं काम वहीचं. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना चार गोष्टी लिहाव्यात: यंत्र रात्रभर बंद होतं की थोड्या वेळापूर्वीच वापरलेलं, ते शट डाउन केलं होतं की रीस्टार्ट, नेमकं कुठल्या पडद्यावर अडकलं आणि त्या वेळी कोणता पेन ड्राइव्ह, प्रिंटर किंवा बाहेरची डिस्क जोडलेली होती.

अडकण्याची जागा बरंच सांगून जाते. मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो दिसतानाच यंत्र थांबलं, तर विंडोज अजून सुरूही झालेलं नसतं. तेव्हा फॉरमॅटचा उपयोग नाही. रॅम, जोडलेली उपकरणं, डिस्क किंवा वीजपुरवठा तपासावा. ठिपके फिरताना अडकलं, तर ड्रायव्हर आणि डिस्क या दोघांवर संशय जातो. पासवर्ड टाकल्यावर अडकलं, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करून पाहावेत.

शट डाउन आणि रीस्टार्ट यांतला फरकही लिहून ठेवण्याजोगा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोऱ्या पाटीवरून सुरू होतं. साठवलेल्या स्थितीत गडबड असेल, तर यंत्र शट डाउननंतरच अडकतं आणि रीस्टार्टला सुरळीत चालतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करता येते. पैसा लागत नाही, म्हणून ही चाचणी आधी करावी.

आमच्या यंत्रात ती केली; अडकणं थांबलं नाही. वही मात्र बोलत होती. दुपारी कधीच नाही, रीस्टार्टला कधीच नाही, फक्त थंडीतल्या सकाळच्या पहिल्या वेळी. अशी नोंद वीजपुरवठ्याकडे बोट दाखवते. वीजपुरवठ्याच्या डब्यातले, म्हणजे एसएमपीएसमधले, कपॅसिटर जुने झाले की त्यांच्यातला द्रव सुकत जातो. थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, वीज स्थिर राहत नाही; यंत्र तापलं की तेच कपॅसिटर पुन्हा काम निभावून नेतात. एसएमपीएस बदलला आणि सकाळ सुधारली.

हा काही दुर्मीळ आजार नव्हे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते. ऑप्टिप्लेक्स संगणकांतले असे बोर्ड बदलून देण्यासाठी डेल कंपनीने २००५ साली ३० कोटी डॉलर बाजूला काढले. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचं सपाट डोकं फुगलेलं दिसलं किंवा त्यातून तपकिरी द्रव ओघळलेला दिसला, तर निदान नुसत्या डोळ्यांनीच होतं. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकू शकतो.

बाकीच्या चाचण्यांत शिस्त एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर आळीपाळीने एकेकच लावून पाहावी. विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी रात्री लावावी. डिस्कची केबल बदलावी. तिन्ही एकदम केलं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला भाग कचऱ्यात जातो.

आणि घाईने ‘झालं बरं’ म्हणू नये. समजा यंत्र सरासरी पाचांतून एकदा अडकतं. काहीही दुरुस्त न करता ते सलग पाच वेळा नीट सुरू होण्याची शक्यता ३३ टक्के असते, सलग दहा वेळा ११ टक्के, आणि १४ वेळांना ती ५ टक्क्यांखाली येते. त्रास फक्त सकाळच्या थंड यंत्राचा असेल, तर याचा अर्थ दोन आठवडे. कित्येक दुरुस्त्या याच हिशेबाअभावी यशस्वी वाटतात.

कधीकधी दोष आपल्या यंत्रात नसतोच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होताना कोसळू लागले. काही यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू केल्यावर मार्गी लागली. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या काही ग्राहकांना त्यासाठी १५ वेळांपर्यंत रीस्टार्ट करावं लागलं. इतरांना सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटची ती सदोष फाइल पुसावी लागली. म्हणून वहीत नव्या अपडेटची आणि नव्या अँटिव्हायरसची तारीखही असावी.

यंत्र दुकानात न्यावंच लागलं, तर वहीतलं पान सोबत द्यावं आणि डिस्क पुसायची नाही हे पावतीवर लिहून घ्यावं. यंत्र रात्रभर तिथंच बंद ठेवायला सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा ते आपल्यासमोर सुरू करून घ्यावं. अडकलं तर दुकानातला चालू स्थितीतला एसएमपीएस लावून पुढच्या सकाळी तीच चाचणी पुन्हा करायला सांगावी, आणि नवा भाग त्यानंतरच विकत घ्यावा.