माजी सैनिक कोण, नोंदणी कोणाची? अमेरिकी शिक्षणसाहाय्यातील दोन पडताळण्या

अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणासाठी केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य हवे असेल तर 'फॅफ्सा' हा अर्ज भरावा लागतो. अर्जदार 'आश्रित' आहे की 'स्वतंत्र', हे या अर्जावरून ठरते. आश्रित विद्यार्थ्याच्या बाबतीत आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाते, स्वतंत्राच्या बाबतीत मोजले जात नाही. पदवीच्या वर्गात शिकणारा, चोवीस वर्षांखालील अविवाहित विद्यार्थी बहुतेक वेळा आश्रितच धरला जातो. तो वेगळा राहतो, स्वतःचे भाडे स्वतः भरतो, एवढ्याने काही बदलत नाही. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत त्यांत माजी सैनिक येतो. फरक किरकोळ नाही. पहिल्या वर्षाला आश्रित विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे कर्ज ५,५०० डॉलरपर्यंत मिळते, स्वतंत्र विद्यार्थ्याला ९,५०० डॉलरपर्यंत. पेल अनुदान परत करावे लागत नाही; २०२४-२५ या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. आईवडिलांच्या पगारामुळे ज्याला ते मिळाले नसते, असा विद्यार्थी स्वतंत्र ठरल्यावर त्याला पात्र होऊ शकतो.

माजी सैनिकाची या अर्जापुरती व्याख्या अशी: अमेरिकी लष्करात, नौदलात, हवाई दलात, मरीन कोअरमध्ये किंवा तटरक्षक दलात सक्रिय सेवा केलेली असावी आणि सेवामुक्ती 'डिसऑनरेबल' नसावी. किमान मुदतीची अट नाही. एक दिवसाची सक्रिय सेवाही चालते. मात्र ती सेवा प्रशिक्षणासाठीची असता कामा नये. नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह दलातील व्यक्तीला केंद्राच्या आदेशाने प्रशिक्षणाखेरीज अन्य कामासाठी बोलावले गेले असेल, तरच ती या व्याख्येत बसते. महाविद्यालयातील आरओटीसीचे, म्हणजे लष्करी अधिकारी-प्रशिक्षण योजनेचे, विद्यार्थी त्यात बसत नाहीत.

प्रस्तुत लेखकाच्या घरी नेमकी 'प्रशिक्षण' या शब्दावर चूक झाली. थोरला मुलगा आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाला, काही महिन्यांचे प्राथमिक आणि शाखेचे प्रशिक्षण पूर्ण करून परतला आणि येताना हातात डीडी-२१४ घेऊन आला. हा सेवामुक्तीचा अधिकृत दाखला. अमेरिकेत कुठेही माजी सैनिकाचा पुरावा मागितला की हाच कागद पुढे केला जातो. तो घरात आहे म्हणजे मुलगा माजी सैनिक, असे सगळ्यांनी गृहीत धरले. अर्जात 'होय' असे उत्तर गेले, आईवडिलांचे रकाने कोरे राहिले आणि महाविद्यालयाचे पहिले साहाय्यपत्र पेल अनुदानासह आले. पुढे पडताळणीत कागद तपासला गेला. त्यावर सेवा नोंदली होती, पण ती 'प्रशिक्षणासाठी सक्रिय सेवा' होती. रिझर्व्हच्या सैनिकाला प्राथमिक प्रशिक्षणानंतरही डीडी-२१४ मिळतो आणि तेवढ्यावर तो शिक्षणसाहाय्यापुरता माजी सैनिक ठरत नाही, हे तेव्हा कळले. अर्ज दुरुस्त करावा लागला, आईवडिलांचे उत्पन्न भरावे लागले, त्यांच्या सह्या द्याव्या लागल्या. पेल अनुदान रद्द झाले. पण जास्त नुकसान विलंबाने केले. महाविद्यालयाचे स्वतःचे अनुदान मर्यादित होते आणि आश्रित विद्यार्थ्यांमध्ये त्याचे वाटप एव्हाना होऊन गेले होते. खरे उत्तर पहिल्याच दिवशी गेले असते, तर त्यातला काही वाटा मिळू शकला असता. म्हणून दाखला नुसता असून भागत नाही. त्यावरील सेवेचा प्रकार वाचूनच अर्जातील प्रश्नाचे उत्तर द्यावे.

उलट दिशेनेही चूक होते. अर्ज दाखल झाल्यावर शिक्षण खाते अर्जदाराची माहिती माजी सैनिक व्यवहार खात्याच्या नोंदींशी जुळवून पाहते. नोंद जुळली नाही तर अर्जाच्या सारांशात तशी टिप्पणी येते आणि महाविद्यालय पुरावा मागते. अशी टिप्पणी म्हणजे अपात्रतेचा निर्णय नव्हे. माजी सैनिक व्यवहार खाते आपल्या सवलतींसाठी सेवेच्या मुदतीची अट लावते, फॅफ्सा लावत नाही. त्यामुळे अल्पकाळ सक्रिय सेवा केलेला माणूस एका खात्याच्या लेखी माजी सैनिक नसतो आणि दुसऱ्याच्या लेखी असतो. त्याने घाबरून उत्तर बदलू नये, डीडी-२१४ सादर करावा.

या दाखल्याच्या अनेक प्रती निघतात. 'मेंबर-१' या संक्षिप्त प्रतीत सेवामुक्ती कोणत्या स्वरूपाची होती याची नोंद नसते. ती 'मेंबर-४' या प्रतीत, चोविसाव्या रकान्यात असते. महाविद्यालयाला हवी असते तीच. प्रत हरवली असेल तर ती सेंट लुईस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मागवता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून मागणी फॅफ्सा भरण्याआधीच केलेली बरी.

दुसरी पडताळणी ड्राफ्ट नोंदणीची, म्हणजे 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'ची. सक्तीची लष्करभरती १९७३मध्ये थांबली. नोंदणी मात्र १९८०मध्ये पुन्हा सुरू झाली. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या पुरुषांना, वयाच्या अठराव्या वर्षापासून सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत, ती लागू आहे. १९८२च्या सॉलोमन दुरुस्तीने केंद्रीय शिक्षणसाहाय्य या नोंदणीशी जोडले आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जोडणी वैध ठरवली. डिसेंबर २०२०च्या फॅफ्सा सुलभीकरण कायद्याने ती तोडली. आता नोंदणी नाही म्हणून केंद्रीय साहाय्य अडत नाही.

यावरून नोंदणीच रद्द झाली असा समज पसरला आहे आणि तो धोक्याचा आहे. नोंदणीचे कायदेशीर बंधन कायम आहे. टेक्सससह काही राज्ये आपल्या स्वतःच्या अनुदानासाठी अजूनही नोंदणीची विचारणा करतात. लेखकाच्या धाकट्या मुलाचे राज्य अनुदान याच कारणाने काही आठवडे अडकले. 'नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड आहे, मग ड्राफ्टशी काय संबंध?' अशी घरातली समजूत होती. ती चुकीची होती. ग्रीन कार्डधारक पुरुषाला नोंदणी लागू आहे. वैध एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरदाराचे कुटुंबीय) व्हिसावरील मुलाला ती लागू नाही. पण अठरा ते पंचवीस या वयात त्याला ग्रीन कार्ड मिळाले, तर तीस दिवसांत नोंदणी करावी लागते. पूर्णवेळ सक्रिय सेवेत नसलेला रिझर्व्हचा सैनिकही सुटत नाही. सव्विसाव्या वर्षापूर्वी लष्कर सोडणाऱ्यालाही, आधी नोंदणी झालेली नसेल तर, ती करावी लागते. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा होता. उशिरा केलेली नोंदणीही स्वीकारली जाते, त्यामुळे काम निभावले.

सव्विसाव्या वाढदिवसानंतर मात्र नोंदणी करताच येत नाही. एच-४वर आलेल्या आणि पुढे ग्रीन कार्ड मिळालेल्या मराठी मुलांच्या बाबतीत याची झळ नागरिकत्वाच्या अर्जाला लागू शकते. सव्वीस ते एकतीस या वयातील अर्जदाराला, नोंदणी जाणूनबुजून टाळली नव्हती, हे दाखवावे लागते. त्यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर' मागवावे लागते. मागणीसोबत, त्या वयात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणता व्हिसा होता, याची कागदपत्रे जोडायची असतात. जुने पासपोर्ट, आय-९४ आणि मंजुरीच्या नोटिसा यासाठीच जपून ठेवाव्यात. नोंदणी झाली आहे की नाही, हे सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि जन्मतारीख देऊन पाहता येते. नोंद सापडली तर तिची छापील प्रत काढून ती ग्रीन कार्डच्या कागदांसोबत ठेवावी.