वाळवंटातील उपनगराची घडण : गिल्बर्टच्या लसूणघासापासून नगरवस्तीपर्यंत

शेतीवर जगणारी गावे मोठ्या शहरांच्या छायेत येतात आणि एका पिढीच्या अवधीत उपनगरे बनतात, हे दृश्य आज जगाच्या सर्व भागांत दिसून येते. जेथे पाऊस पुरेसा असतो तेथे हा बदल मुख्यतः जमिनीच्या वापराचा असतो. वाळवंटी प्रदेशात मात्र तो त्याहूनही अधिक पाण्याच्या वापराचा असतो. शेताला मिळणारे पाणी घराकडे कसे वळते, त्यावर हक्क कोणाचा राहतो आणि टंचाईच्या वर्षी कोणाच्या वाट्याला कपात येते, या प्रश्नांची उत्तरे ज्या गावाने वेळीच शोधली त्याची वाढ सुरळीत झाली, असे अनुभवास येते. या दृष्टीने अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील गिल्बर्ट या नगराचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. १९७० च्या जनगणनेत अवघी १,९७१ लोकवस्ती असलेल्या या शेतकरी गावात २०२० मध्ये २,६७,९१८ लोक राहत होते.

भूमी आणि प्राचीन कालवे

गिल्बर्ट हे फिनिक्स शहराच्या आग्नेयेस सॉल्ट नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. हा सर्व भाग सोनोरा वाळवंटात मोडतो. वर्षाकाठी पाऊस साधारणपणे १८ ते २० सेंटिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात तापमान दीर्घकाळ ४० अंश सेल्सिअसच्या वर राहते. पावसावर येथे कोणतेही पीक उभे राहू शकत नाही. मात्र नदीने युगानुयुगे आणून टाकलेली गाळाची माती सपाट व सुपीक आहे. पाणी मिळाले की ती भरभरून देते.

ही गोष्ट येथील प्राचीन होहोकाम लोकांनी प्रथम ओळखली. त्यांनी लाकडी व दगडी अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खोदले आणि मका, घेवडा, भोपळा व कापूस यांची शेती केली. इ. स. १४५० च्या सुमारास त्यांच्या वसाहती ओस पडल्या. कालव्यांच्या खुणा मात्र जमिनीवर उरल्या. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग याने कालवा कंपनी स्थापन करून नदीचे पाणी पुन्हा शेतात वळविले. १८७८ च्या सुमारास शेजारच्या मेसा येथे आलेल्या मॉर्मन पंथीय वसाहतकारांनी तर जुन्याच कालव्याचा मार्ग साफ करून त्यात पाणी सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कन्सॉलिडेटेड कालवा आणि त्यानंतर ईस्टर्न कालवा यांमुळे पाण्याची रेषा गिल्बर्टच्या शिवारापर्यंत पोहोचली.

या प्रगतीला एक दुसरी बाजूही होती. खोऱ्याच्या दक्षिणेस गिला नदीकाठी अकिमेल ओओढाम ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या बागायती शेती करीत होती. नदीच्या वरच्या अंगाला नव्या वसाहतकारांनी पाणी वळविल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे पाट कोरडे पडले आणि धान्य विकणाऱ्या या लोकांवर उपासमारीची पाळी आली. २००४ च्या अ‍ॅरिझोना जलसमझोता कायद्याने त्यांना वर्षाला एकूण ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मान्य करण्यात आला. एका एकरावर एक फूट उंचीचे पाणी म्हणजे एक एकर-फूट, अर्थात सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. अन्याय दूर होण्यास शतकाहून अधिक काळ लागला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

धरण आणि जमिनीशी जोडलेले पाणी

सॉल्ट नदी लहरी होती. एका वर्षी महापूर, तर दुसऱ्या वर्षी कोरडे पात्र, अशी तिची रीत. अमेरिकन संसदेने १९०२ मध्ये सिंचन प्रकल्पांसाठी कायदा संमत केल्यावर खोऱ्यातील शेतकरी एकत्र आले आणि १९०३ मध्ये त्यांनी पाणीवापर करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. केंद्र सरकारच्या कर्जासाठी त्यांनी स्वतःच्या जमिनी तारण ठेवल्या. या कर्जातून उभारलेल्या रूझवेल्ट धरणाचे लोकार्पण १८ मार्च १९११ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते झाले. कर्जाची पूर्ण फेड १९५५ मध्ये झाली.

धरण पूर्ण होण्याच्या आधीच, १९१० मध्ये, न्यायमूर्ती एडवर्ड केंट यांनी खोऱ्यातील पाणीहक्कांसंबंधी महत्त्वाचा निवाडा दिला होता. कोणती जमीन प्रथम केव्हा ओलिताखाली आली, हे पाहून त्यांनी प्रत्येक जमिनीचा क्रम ठरविला. पाणी हे जमिनीला जोडलेले राहील, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पुढे शेते विकली गेली आणि तेथे घरे उभी राहिली, तेव्हा या तत्त्वाचा मोठा उपयोग झाला. जमीन मालकाच्या हातून गेली तरी तिचे पाणी त्याच जमिनीवरील वस्तीच्या कामी येऊ लागले.

रेल्वे, गवत आणि गाव

गावाचा जन्म मात्र रेल्वेमुळे झाला. १९०२ मध्ये फिनिक्स ते फ्लॉरेन्स या नव्या लोहमार्गासाठी जमिनी मागण्यात आल्या. विल्यम ऊर्फ बॉबी गिल्बर्ट यांच्या जमिनीवर रेल्वेचे सायडिंग टाकण्यात आले आणि त्या ठिकाणाला त्यांचेच नाव पडले. १९१२ मध्ये मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीमुळे तेथून परतलेली अनेक मॉर्मन कुटुंबे येथे स्थायिक झाली. १९१३ मध्ये शाळेची इमारत उभी राहिली. आज त्याच इमारतीत नगराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ६ जुलै १९२० रोजी गिल्बर्टला रीतसर नगराचा दर्जा मिळाला. त्या वेळी वस्ती सुमारे ५०० होती.

येथील मुख्य पीक अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडील लसूणघास. उष्ण हवा आणि बारमाही पाणी यांमुळे त्याच्या वर्षातून अनेक कापण्या मिळत. वाळलेल्या घासाचे गठ्ठे बांधून ते रेल्वेने दूरदूर रवाना होत. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोडदळासाठी चाऱ्याची मागणी वाढली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गिल्बर्टला ‘जगाची चारा राजधानी’ असे अभिमानाने संबोधले जात असे. घासापाठोपाठ कापूस आणि दुग्धव्यवसायही वाढला. त्यानंतर सुमारे ५० वर्षे गावाचे स्वरूप फारसे बदलले नाही.

सीमाविस्तार आणि लोकसंख्येची झेप

दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन यंत्रांचा प्रसार झाला आणि वाळवंटातील उन्हाळा सुसह्य झाला. फिनिक्स परिसरात विमान व इलेक्ट्रॉनिक उद्योग आले. मेसा, टेंपी व चँडलर ही शेजारची शहरे झपाट्याने पसरू लागली आणि लहानशा गिल्बर्टची शिवारे त्यांच्या हद्दीत जाण्याचा संभव निर्माण झाला.

या परिस्थितीत १९७० च्या दशकात नगर परिषदेने दूरदृष्टीचा निर्णय घेतला. परिघावरील जमिनीची अरुंद पट्टी नगरात सामील करून घेऊन आतील सुमारे ५३ चौरस मैलांचे क्षेत्र तिने वेढून टाकले. परिणामी दुसऱ्या शहरांना तेथे हद्दवाढ करता येईना. पुढे राज्याने पट्टी टाकून क्षेत्र वेढण्याच्या या पद्धतीवर कायद्याने बंधने घातली. परंतु गिल्बर्टचे भावी क्षेत्र तोपर्यंत निश्चित झाले होते. दोन हजार वस्तीच्या गावाने लाखोंच्या नगराची सीमा आखून ठेवली होती, असे म्हणता येईल.

लोकसंख्येचे आकडे पुढील कथा सांगतात. १९८० मध्ये ५,७१७ असलेली वस्ती १९९० मध्ये २९ हजारांवर गेली, २००० मध्ये १ लाख ९ हजारांपुढे आणि २०१० मध्ये २,०८,४५३ झाली. तरीही गिल्बर्टने कायद्याच्या दृष्टीने आपला ‘टाउन’ हा दर्जा कायम ठेवला. महापौर व सहा सदस्य अशी तेथील परिषदेची रचना आहे.

शेताचे पाणी घराला

वाळवंटात इतकी वस्ती वाढली, तर पाणी अपुरे पडले असेल, अशी सहज कल्पना होते. वस्तुस्थिती वेगळी होती. लसूणघासाच्या एका एकराला या हवेत वर्षाला सुमारे सहा एकर-फूट पाणी लागते. उलट एका एकर-फूट पाण्यात साधारणपणे तीन कुटुंबांची वर्षाची गरज भागते. एका एकरावर चार घरे उभारली तरी पाण्याचा वापर शेतीपेक्षा कमीच राहतो. म्हणून पूर्वीच्या बागायती जमिनीवर झालेली वाढ कालव्याच्या पाण्यावर पेलणे शक्य झाले.

तथापि या हिशेबात एक महत्त्वाचा फरक लपलेला आहे. दुष्काळाच्या वर्षी शेतकरी काही क्षेत्र पडीक ठेवू शकतो. वस्तीला तसे करता येत नाही. शेतीची मागणी लवचिक असते, घराची मागणी ताठर असते. शेती संपली की टंचाई सोसण्याची प्रदेशाची ताकदही कमी होते. ज्या जमिनी पूर्वी ओलिताखाली नव्हत्या त्यांवर घरे झाली, तर तो भार संपूर्ण नवा असतो.

भूजलाचा कायदा

कालव्याच्या पाण्याला जोड म्हणून अ‍ॅरिझोनात विहिरींचा अमर्याद उपसा होत असे. पिनाल परगण्यातील इलॉय परिसरात जमीन १२ फुटांहून अधिक खचली व काही ठिकाणी लांबलचक भेगा पडल्या. याच सुमारास कोलोरॅडो नदीचे पाणी आणणारा मध्य अ‍ॅरिझोना प्रकल्प हाती घेण्यात आला होता. भूजलावर नियंत्रण आणल्याशिवाय या प्रकल्पाला साहाय्य मिळणार नाही, अशी भूमिका केंद्र शासनाने घेतली. शेतकरी, खाणमालक आणि शहरे यांच्या प्रतिनिधींच्या दीर्घ वाटाघाटींनंतर जून १९८० मध्ये राज्यपाल ब्रूस बॅबिट यांच्या कारकीर्दीत भूजल व्यवस्थापन कायदा अमलात आला.

या कायद्याने नियंत्रित क्षेत्रांत नवी जमीन ओलिताखाली आणण्यास बंदी घालण्यात आली. मोठ्या विहिरींचा उपसा मोजणे बंधनकारक झाले. नवीन घरवसाहतीला परवानगी मिळण्यापूर्वी १०० वर्षे पुरेल इतक्या पाण्याची हमी दाखविणे आवश्यक ठरले. जमिनीची विक्री आणि पाण्याची उपलब्धता यांची सांगड घालणारी ही तरतूद या कायद्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय.

मध्य अ‍ॅरिझोना प्रकल्पास १९६८ मध्ये मान्यता मिळाली होती आणि १९७३ मध्ये त्याचे काम सुरू झाले. ३३६ मैल लांबीच्या या कालव्याचे मुख्य काम १९९३ मध्ये पूर्ण झाले. गिल्बर्टला सॉल्ट नदी, कोलोरॅडो नदी, भूजल आणि शुद्ध केलेले सांडपाणी असे चार आधार मिळाले. यांपैकी सांडपाण्याचा वापर विशेष उल्लेखनीय आहे. ते शुद्ध करून हिरवळीसाठी वापरले जाते आणि उरलेले जमिनीत मुरविले जाते. १९९९ मध्ये खुल्या झालेल्या ११० एकरांच्या संरक्षित पाणथळ क्षेत्रात हे पाणी तलावांत सोडून मुरविण्यात येते. पाणपक्षी तेथे येतात, शाळेतील मुले अभ्यासासाठी येतात आणि जमिनीखालील साठाही वाढतो.

आजचे प्रश्न

१९६८ च्या मान्यतेसाठी अ‍ॅरिझोनाला एक अट स्वीकारावी लागली होती. टंचाईच्या काळात कॅलिफोर्नियाच्या आधी अ‍ॅरिझोनाच्या प्रकल्पाचे पाणी कापले जाईल, अशी ही अट होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी राज्याच्या वाट्यात ५,१२,००० एकर-फुटांची कपात झाली. तिचा पहिला फटका पिनाल परगण्यातील शेतकऱ्यांना बसला. जून २०२३ मध्ये राज्य शासनाने फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या आधारावर नव्या वसाहतींना १०० वर्षांची हमी देणे थांबविले. शंभर वर्षांच्या अंदाजात भूजलाची सुमारे ४ टक्के मागणी अपुरी राहते, असे अभ्यासात दिसून आले होते. २०२५ मध्ये मात्र शेतजमिनीचा भूजलहक्क कायमचा सोडून देऊन त्याच्या मोबदल्यात कमी पाण्यावर घरवसाहत उभारण्यास वाव देणारा कायदा करण्यात आला. गिल्बर्टमध्ये आपोआप घडलेला बदल आता कायद्याने आखून दिला जात आहे.

उष्णतेचाही प्रश्न बिकट आहे. ओलिताच्या शेतांवरून वाहणारी रात्रीची थंड हवा गेली. डांबर व सिमेंट दिवसाची उष्णता रात्री बाहेर टाकतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक राहिले. शेतीची आठवण आणि उपयोग टिकविण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. अ‍ॅग्रिटोपिया या वसाहतीत एका कुटुंबाच्या जुन्या शेतावर घरे बांधताना काही एकर जमीन भाजीपाला व फळबागेसाठी राखून ठेवण्यात आली आहे. मात्र अशी उदाहरणे विरळाच आहेत.

या इतिहासातून मिळणारा बोध

गिल्बर्टच्या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला व लेखी नोंदलेला असेल, तर जमिनीचा वापर बदलताना गोंधळ होत नाही. गावाची भावी सीमा वस्ती वाढण्यापूर्वी ठरविणे हिताचे असते. भूजलाचे मोजमाप केल्याशिवाय त्याचे नियंत्रण होत नाही. घरांना परवानगी देण्यापूर्वी पाण्याची खात्री करून घेतली पाहिजे. सांडपाणी हे टाकाऊ नसून तो एक जलस्रोत आहे.

याबरोबरच, वाढ होत असताना नदीच्या खालच्या अंगाला कोण राहतो याचा विसर पडला, तर त्याची भरपाई पुढील पिढ्यांना करावी लागते, हाही धडा येथे मिळतो. शहराजवळच्या कोणत्याही गावात शेतजमीन बिगरशेती होण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा तेथील पंचायतीने रस्ता, वीज आणि कर यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. या जमिनीचे पाणी आज कोठून येते? आणि दुष्काळाच्या वर्षी ते कोणाला मिळणार नाही? गिल्बर्टच्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९१० मध्येच मिळविले होते. दुसऱ्याचे उत्तर तेथील लोक आजही शोधीत आहेत.