जबडा आणि कोपर : हाडांच्या टोकांचे काम

हाडाच्या मुख्य भागातून बाहेर आलेल्या टोकाला प्रवर्ध म्हणतात. स्नायूंना पकड देणे, सांधा घडवणे आणि त्याची हालचाल मर्यादेत ठेवणे ही प्रवर्धांची कामे. जबडा आणि कोपर या दोन्ही ठिकाणी ती नीट समजतात.

खालच्या जबड्याचा उभा भाग वर जाऊन दुभंगतो. पुढचे चपटे टोक म्हणजे कॉरोनॉइड प्रवर्ध. कानशिलावरचा रुंद स्नायू येथे जोडलेला असतो. तो आवळला की तोंड मिटते. मागचे गोलसर टोक, कॉन्डाइल, कानाच्या पुढे कवटीशी सांधा बनवते. तोंड उघडताना ते फिरते आणि पुढे सरकते. मोठ्या जांभईत ते फार पुढे गेल्यास जबडा निखळतो व तोंड मिटत नाही. हनुवटीवर पडल्यास कॉन्डाइलची मान मोडू शकते. मग तोंड उघडताना हनुवटी मोडलेल्या बाजूला वळते.

मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे उभी मावतात. हे अंतर हळूहळू घटत असेल तर तपासणी हवीच. गुटखा, सुपारीमुळे तोंडातील अस्तर कडक होणे हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे. क्वचित कॉरोनॉइड वाढून गालाच्या हाडाला अडतो.

कोपरातील प्रवर्ध अल्ना या करंगळीकडील हाडाचे. टेबलावर टेकते ते मागचे टोक म्हणजे ऑलिक्रेनॉन. दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू त्याला ओढून हात सरळ करतो. हात सरळ होताच ऑलिक्रेनॉन दंडाच्या हाडातील खळगीत बसतो आणि कोपर उलटे वाकू देत नाही. तो मोडून सरकला तर हात जोर लावून सरळ करता येत नाही. पुढच्या टोकालाही कॉरोनॉइडच म्हणतात. ते अल्नाला मागे निसटू देत नाही. त्याचा मोठा तुकडा मोडला तर बसवलेला सांधाही पुन्हा निखळू शकतो.

कोपराला मार लागल्यावर मालीश करू नये, हात ओढू नये. त्यामुळे दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो. हात झोळीत ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि एक्स-रे काढावा. बोटे थंड, फिकट किंवा बधिर झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. जबडा उघडाच राहिला किंवा मार लागल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर त्याच दिवशी मुखशल्यचिकित्सकाला दाखवावे.