शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. भाताच्या बाबतीत हे खरे आहे; कारण एका भांड्यातील सर्व शिते एकाच विस्तवावर, एकाच वेळी शिजलेली असतात. परंतु माणसाची परीक्षा त्याच्या एका दिवसाच्या कामावरून करता येते काय? १९५६ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या क्रीडारसिकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

बास्केटबॉल हा खेळ मूळचा त्यांच्याच राज्यातला. १८९१ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, बंद दालनात खेळता यावा म्हणून, हा खेळ शोधून काढला. त्या वेळी चेंडू टाकण्यासाठी फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडे व जाळी आली. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. ज्याचे गुण अधिक, तो संघ जिंकतो.

बोस्टनचा 'सेल्टिक्स' हा संघ १९४६ साली स्थापन झाला. पहिल्या दहा वर्षांत त्याला एकदाही अजिंक्यपद मिळाले नव्हते. गुण मिळवण्यात मात्र तो कोणालाही हार जाणारा नव्हता. बॉब कूझी हा चेंडू देण्यात निष्णात. प्रतिस्पर्ध्याला कळण्यापूर्वी चेंडू त्याच्या हातून सुटून सोबत्याकडे पोहोचलेला असे. बिल शारमनची नेमबाजी अचूक होती. मध्यभागी खेळणारा एड मकॉली तर प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत होता.

अशा वेळी संघाचे मार्गदर्शक रेड ऑवरबॅक यांनी एक धाडसी निर्णय घेतला. त्यांनी मकॉलीला आणि क्लिफ हेगन या होतकरू खेळाडूला सेंट लुइसच्या 'हॉक्स' संघाकडे दिले आणि त्या बदल्यात एका नवख्या तरुणाला निवडण्याचा हक्क मिळवला. सेंट लुइस हे मकॉलीचे जन्मगाव. त्याचा मुलगाही आजारी होता. त्यामुळे त्याने ही अदलाबदल आनंदाने मान्य केली. बोस्टनच्या रसिकांना मात्र तिचे कोडे पडले.

तो नवखा तरुण म्हणजे बिल रसेल. उंची सुमारे पावणेसात फूट. जन्म लुइझियाना राज्यातील मन्रो गावी, १९३४ साली. घरची स्थिती गरिबीची. त्याच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ व १९५६ या दोन्ही वर्षी महाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकले होते. १९५६ च्या अखेरीस मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देऊनच तो बोस्टनला आला. तोवर सेल्टिक्सचा हंगाम सुरू होऊन बरेच सामने झाले होते, आणि संघ जिंकतही होता.

२२ डिसेंबर १९५६ रोजी रसेल बोस्टनच्या प्रेक्षकांपुढे प्रथम उतरला. योगायोग असा, की प्रतिस्पर्धी होता तोच सेंट लुइसचा संघ. सेल्टिक्सने तो सामना ९५ विरुद्ध ९३ अशा गुणांनी जिंकला. रसेल २१ मिनिटे खेळला. त्याने मिळवलेले गुण होते अवघे ६!

अशा प्रसंगी रसिकांत दोन पक्ष पडतात, आणि मैदानाबाहेर बसून संघ चालवणे हे उंटावरून शेळ्या हाकण्याइतकेच सोपे असते. एका पक्षाचे म्हणणे असे : "सामना जिंकायचा तर गुण हवेत. मकॉलीसारखा गुण मिळवणारा गडी देऊन, ज्याला नीट नेमही धरता येत नाही असा गडी घेण्यात काय शहाणपण? शिवाय जिंकणाऱ्या संघाची घडी मोडावीच कशाला?" दुसऱ्या पक्षाचे म्हणणे निराळे : "गुण मिळवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, चेंडू मिळवून देणारा कोण आहे? त्याच २१ मिनिटांत या मुलाने १६ वेळा परतीचा चेंडू हस्तगत केला, त्याचे काय?"

हा दुसरा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. नेम चुकला म्हणजे चेंडू फळीवर किंवा कड्यावर आपटून परत येतो. त्याला 'रिबाउंड' म्हणतात. तो ज्याच्या हाती पडेल, त्याच्या संघाला गुण मिळवण्याची संधी मिळते. कूझीची चपळाई आणि शारमनची नेमबाजी कितीही थोर असली, तरी हाती चेंडूच नसेल तर त्यांचा उपयोग काय? रसेल उंच उडी घेऊन परतीचा चेंडू पकडी, पाय जमिनीवर टेकताच तो कूझीकडे फेकी, आणि प्रतिपक्ष सावरण्यापूर्वीच कूझी पलीकडच्या टोकाला पोहोचलेला असे.

रसेलचे दुसरे कौशल्य याहूनही नवे होते. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरच ठेवावेत, अशी त्या काळच्या अनेक मार्गदर्शकांची शिकवण होती. रसेल मात्र उडी मारून, टोपलीकडे निघालेला चेंडू हवेतच अडवी. तो चेंडू तो प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. हलकेच थोपटून आपल्याच सोबत्याच्या हाती जाईल असे पाही. पुढे पुढे त्याच्या नुसत्या अस्तित्वाने नेम धरणाऱ्याचे मन कचरू लागले. पण असे किती नेम चुकले, याचा आकडा कोठे लिहिणार? अडवलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणी त्या व्यावसायिक सामन्यांत १९७३ साली सुरू झाली, आणि रसेल तर १९६९ सालीच निवृत्त झाला होता. वर्तमानपत्रातील गुणांचा तक्ता वाचून मत बनवणाऱ्याला त्याचा अर्धा खेळ दिसलाच नाही, तो यामुळेच.

ऑवरबॅक यांनी हे ओळखले होते. गुणांची चिंता करू नकोस, चेंडू मिळव आणि बचाव कर, असे त्यांनी रसेलला प्रथमच सांगून ठेवले. संघातील अनुभवी खेळाडू आर्नी रायझन याचे वागणेही विसरता येणार नाही. रसेल आल्यामुळे ज्याची जागा जाणार होती तो हाच खेळाडू. परंतु त्याने मनात आकस न धरता, कोणता प्रतिस्पर्धी कसा खेळतो हे या नवख्याला समजावून दिले. त्या वर्षी रसेल हा संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि वर्णभेदाचे चटके त्याला पुढेही अनेक वर्षे सोसावे लागले. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे त्याला व त्याच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना उपाहारगृहात जेवण नाकारले गेले, तेव्हा त्या सर्वांनी तेथे खेळण्यासच नकार दिला. अशा काळात रायझनसारख्या सोबत्याच्या दिलदारपणाचे मोल मोठेच म्हटले पाहिजे.

अखेर १३ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. अजिंक्यपदाचा सातवा व निर्णायक सामना बोस्टनमध्येच सेंट लुइसशी होता. मकॉली आणि हेगन आता समोरच्या बाजूला होते. त्या दिवशी कूझी आणि शारमन यांचे नेम साधेनात; दोघांच्या मिळून ४० प्रयत्नांपैकी अवघे ५ यशस्वी झाले. टॉम हाइनसन या दुसऱ्या नवख्या खेळाडूने ३७ गुण मिळवून संघ सावरला. वेळ संपत आली असता जॅक कोलमन हा हॉक्सचा खेळाडू चेंडू घेऊन टोपलीपाशी पोहोचला. एवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून रसेल वाऱ्यासारखा धावत आला आणि त्याने तो चेंडू हवेतच अडवला! सामना दोनदा वाढीव वेळेत गेला आणि सेल्टिक्सने तो १२५ विरुद्ध १२३ असा जिंकला. रसेलने ३२ वेळा परतीचा चेंडू मिळवला होता.

तरीही, शंका घेणारे सर्वस्वी चुकले होते असे म्हणता येणार नाही. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, सेंट लुइसने बोस्टनला हरवून अजिंक्यपद मिळवले, आणि त्या संघात मकॉली व हेगन दोघेही होते. रसेल त्या वेळी पायाच्या दुखापतीने हैराण होता, हेही खरे. दिलेले खेळाडू उत्तम होते. आणि घेतलेला खेळाडू कसा होता, हे काळाने सांगितले. रसेल १३ वर्षे खेळला आणि त्यांपैकी ११ वर्षी त्याचा संघ अजिंक्य ठरला. १९६६ साली तो सेल्टिक्सचा मार्गदर्शकही झाला. अमेरिकेतील त्या व्यावसायिक सामन्यांत हे पद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. २०२२ साली त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचा ६ हा क्रमांक यापुढे कोणत्याही संघात कोणा नव्या खेळाडूला देऊ नये, असे ठरवण्यात आले.

पहिल्या दिवशीचे ६ गुण खोटे नव्हते. पण ते म्हणजे रसेल नव्हे. जे मोजले जाते तेवढेच पाहणारा घाईने निकाल देतो. जे मोजले जात नाही तेही पाहणारा थोडा थांबतो. वर्गात नवा विद्यार्थी आला, संघात नवा गडी आला, म्हणजे आपणही त्याचे परीक्षक होतो. तेव्हा भात शिजायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय

१. रसेलच्या निवडीविषयी रसिकांच्या दोन पक्षांची मते तुमच्या शब्दांत लिहा.
२. परतीचा चेंडू मिळवण्याचे महत्त्व उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. आर्नी रायझनच्या वागण्यातून त्याचा कोणता गुण दिसतो?
४. वाक्यात उपयोग करा : गळ्यातील ताईत असणे, उंटावरून शेळ्या हाकणे, हस्तगत करणे, मनात आकस धरणे.
५. "शंका घेणारे सर्वस्वी चुकले होते असे म्हणता येणार नाही." हे विधान तुम्हाला पटते काय? कारणे द्या.
६. ज्याची मोजदाद होत नाही, पण ज्यावाचून काम अडते, असे घरातील किंवा शाळेतील एखादे काम निवडून त्यावर दहा ओळी लिहा.