रुग्णालयाचा जनसंपर्क

प्रश्न : मी एका दैनिकात आरोग्यविषयक वार्तांकन करते. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात जनसंपर्कप्रमुख होता येईल काय?

उत्तर : वैद्यकीय पदवीची अट सहसा नसते, मात्र जिथे एकाच आवारात उपचार, अध्यापन आणि संशोधन चालते, तिथे डॉक्टरांची सावध भाषा, तिच्यातील ‘कदाचित’ न गाळता, सामान्य वाचकास कळेल अशी मांडण्याचे कौशल्य अंगी असल्यावाचून निभाव लागत नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले आणि रुग्ण काही तासांतच दगावला. अशा दिवशी, वार्ताहर दारात तिष्ठत असता, शल्यविशारदाचे धाडस न झाकता आणि मृत्यूची वार्ता न लपवता चार ओळींचा खुलासा लिहिणे, ही या पदाची खरी कसोटी होय. (गौरवपर पत्रके काय, कोणीही लिहील.) रुग्णाच्या प्रकृतीचा मजकूर त्याच्या संमतीखेरीज दफ्तराबाहेर जाता कामा नये, मग विचारणारा मंत्री का असेना. मुलाखतीस जाल तेव्हा, अधिष्ठात्यांशी थेट बोलण्याची मुभा या पदास आहे काय, हे आधी विचारा. नसल्यास तिथे रुजू होऊ नका.