टॉमकॅटशिवाय टेस्ट: डेटाबेस जोडताना काय करावं, काय टाळावं

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २० किलोच्या क्रेटवर विकला जातो. क्रेट, भाव, खर्च आणि हाती येणारी रक्कम, एवढी शेतकऱ्याची पट्टी. ती काढणारं जावा वेब अ‍ॅप प्रकल्प म्हणून लिहिणाऱ्या अवसरी, कुरण, बेल्ह्याच्या मुलामुलींसाठी हे टिपण आहे. टॉमकॅट चालू असताना पट्टी बरोबर निघते. तोच क्लास जेयुनिटमधून चालवला की ‘नो इनिशियल कॉन्टेक्स्ट’चा एक्सेप्शन येतो. डेटासोर्सचं नाव टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये असतं आणि ती वाचणारा टॉमकॅटच तिथं हजर नसतो.

काय करावं

• डेटासोर्स क्लासला बाहेरून, कन्स्ट्रक्टरमधून द्यावा. जेएनडीआयमध्ये नाव शोधायचं काम एकाच जागी, अ‍ॅप सुरू होताना चालणाऱ्या लिसनरमध्ये ठेवावं. पट्टी काढणाऱ्या क्लासला कनेक्शन कुठून आलं हे कळायची गरजच नाही. एवढं एक जमलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

• ड्रायव्हरची जार मेवनमध्ये टेस्ट स्कोपने घालावी. ती फक्त टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये असेल तर टेस्टला दिसत नाही.

• टेस्टचा पूल मुद्दाम तोकडा ठेवावा: २ कनेक्शन, ३ सेकंदांची वाट. टॉमकॅटच्या डीबीसीपी पूलमध्ये काहीच न सांगितल्यास ८ कनेक्शन मिळतात आणि वाट पाहण्याला मर्यादा नसते. बंद करायचं राहिलेलं कनेक्शन एकदोन पट्ट्यांत लक्षात येत नाही. आवक वाढते, आठही अडकतात आणि शेतकरी खिडकीशी ताटकळतो. तोकड्या पूलमध्ये हीच चूक तिसऱ्या पट्टीला उघडी पडते.

• टेस्टमध्ये गावांची खरी नावं घालावीत. वडगाव आनंद, वडगाव कांदळी जुन्नर तालुक्यात. वडगाव काशिंबेग, वडगाव पीर आंबेगावात. सगळे बोलताना ‘वडगाव’च म्हणतात. नुसत्या गावाच्या नावावर युनिक की लावली असेल तर दुसऱ्याच वडगावला ती अडते. नाव लिहून परत वाचावं आणि अक्षर न् अक्षर ताडून बघावं. मायएसक्यूएल ८.० च्या आधी मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन-१ होता. तशा जुन्या टेबलात ‘आळेफाटा’ घातलं की एरर तरी येतो, नाही तर प्रश्नचिन्हं उमटतात.

• प्रत्येक टेस्टच्या शेवटी रोलबॅक करावा. मात्र ‘क्रिएट टेबल’, ‘ऑल्टर टेबल’ यांना मायएसक्यूएल लगेच कमिट करतो. ते टेस्ट सुरू होण्याआधीच उरकावं.

काय टाळावं

• सेटिंग सापडलं नाही तर चालू डेटाबेस घ्या, अशी सोय कधीही ठेवू नये. मी ठेवली होती. लॅपटॉप बदलला, टेस्टची फाइल जुन्यावरच राहिली आणि टेस्टच्या शेवटच्या ‘डिलीट’नं दिवसभराच्या पट्ट्या पुसल्या. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. पट्टीबुकातल्या कार्बन प्रती समोर ठेवून आम्ही तिघांनी रात्री उशिरापर्यंत त्या पुन्हा भरल्या. आता सेटिंग नसेल तर माझी टेस्ट तिथंच थांबते, आणि डेटाबेसच्या नावात ‘टेस्ट’ नसेल तर पुसणारी ओळ चालतच नाही. टेस्टच्या युजरला खऱ्या डेटाबेसचा हक्कही देऊ नये.

• पासवर्ड कोडमध्ये लिहून गिटला चढवू नये. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावा.

• केवळ एचटूवर विसंबू नये. मेमरीतला एचटू शेवटचं कनेक्शन बंद होताच टेबलांसकट नाहीसा होतो. यूआरएलमध्ये ‘डीबी क्लोज डिले’ उणे १ ठेवलं की टिकतो. पण शोधाचं काय? टेम्पोचा नंबर ‘एमएच १४’ इंग्रजी मोठ्या अक्षरांत साठवला आणि लहान अक्षरांत शोधला, तर मायएसक्यूएलला एरवी सापडतो, एचटूला नाही. म्हणून शेवटची फेरी खऱ्या मायएसक्यूएलवरच घ्यावी. त्यासाठी टेस्टकंटेनर्स वापरणार असाल तर डॉकरची इमेज चांगलं नेट असेल तिथंच आधी उतरवून ठेवा. सादरीकरणाच्या सकाळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवत बसू नका.