मुरमावर सायकल घालण्याआधी

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे आसनगाव आणि आटगाव स्थानकांवर लोकलमधून सायकली उतरताना दिसतात. मुंबई, ठाणे, कल्याणकडची ही मंडळी पूर्वी नाशिक महामार्गाने सरळ कसारा घाट गाठत आणि तिथूनच माघारी फिरत. आता त्यांतले काही जण डांबर सोडून आत वळू लागले आहेत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सागाच्या रानातून, वरकस माळांवरून आणि भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या मातीवाटांचे मोठे जाळे आहे. रुंद टायरच्या आणि वळलेल्या हँडलच्या 'ग्रॅव्हल' सायकलीला असाच मुलूख लागतो. मात्र या मुलुखाची माती, मालकी आणि ऋतू समजून न घेता आत शिरणाऱ्याची दुपार फार कठीण जाऊ शकते.

या प्रकारच्या सायकलिंगला जगभर मान मिळाला तो गेल्या वीसेक वर्षांत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2006 साली सुरू झालेली शर्यत आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची पहिली ग्रॅव्हल विश्वविजेतेपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात झाली. नेदरलँड्समधल्या फेलुवे भागात पाइनची वने, झुडपी माळ आणि वाळूचे पट्टे यांतून सायकलवाटा आखलेल्या आहेत. सायकलींसंबंधीचे बहुतेक व्हिडिओ आणि सल्ले अशाच ठिकाणांहून येतात, आणि शहापूरला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वाळूत चाक रुतते आणि सायकल मंदावते. इथली जमीन सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची. तो झिजून मुरूम होतो आणि फोडला की खडी. मुरमावर चाक रुतण्याऐवजी घसरते, आणि ताज्या खडीच्या धारदार कडा टायरची बाजू चिरतात. कॅन्ससच्या त्या शर्यतीतही गारगोटीच्या धारदार दगडांनी टायर फाटणे नेहमीचेच. शहापूरला जाणाऱ्याने धडा घ्यायचा तर फेलुवेऐवजी कॅन्ससकडून घ्यावा.

गावचा रस्ता टप्प्याटप्प्याने बनतो: आधी मातीकाम, मग खडीकरण, त्यावर मुरूम पसरून पाणी मारून रोलर, शेवटी डांबर. सायकलस्वाराला यातला प्रत्येक टप्पा वेगळा लागतो. दबलेला मुरूम उत्तम. नुकतीच टाकलेली, न दबलेली खडी सर्वांत वाईट. तिथे उतरून चालत जाणे शहाणपणाचे. दगडखाणी आणि क्रशरच्या आसपास डंपर धावतात. त्यांच्या धुळीत पुढचा खड्डा दिसत नाही आणि मागून येणाऱ्या डंपरच्या चालकाला सायकलही दिसत नाही. बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा टाळून एकच चाकोरी धरावी.

प्रस्तुत लेखकाच्या गटाला या मातीचा स्वभाव डोळखांबच्या पलीकडच्या एका उतारावर कळला. डिसेंबरची सकाळ, लख्ख ऊन, रस्ता कोरडा आणि वरून टणक दिसणारा. वळणावर टणक थरावर मुरमाचे सुटे खडे पसरलेले होते. गटातल्या एकाने वळता वळता पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक बाजूला सरकले, आधारासाठी टेकवलेल्या हाताचे मनगट मोडले. कोणाच्याही फोनला रेंज नव्हती. जवळच्या वाडीतून दोघे धावत आले. त्यांनी पंचाची झोळी करून हात गळ्यात बांधला, एक जण मोटरसायकलवरून जीप आणायला गेला. जीप येईपर्यंत घरातून पाणी आणि कोरा चहा आला. पाणी देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, या उताराला आम्हीपण सायकल हातात धरूनच नेतो."

त्या एका वाक्यात उताराची सगळी माहिती होती. ती माथ्यावर उभे राहून विचारली असती तर मिळाली असती.

मुरमाच्या उतारावर वेग वळणाआधी, चाक सरळ असताना कमी करायचा. वळणात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. वजन मागे, पेडल सपाट, कोपर सैल. टायर किमान 40 मिलिमीटर रुंदीचा असावा. मध्यम वजनाच्या स्वाराने ट्यूबलेस टायरमध्ये साधारण 30 ते 40 पीएसआय हवा ठेवावी. रस्त्यावरच्या सायकलीसारखी ठासून हवा भरली की चाक खड्यांवर उडते. टायरमधले सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकते, म्हणून निघण्यापूर्वी तपासावे. बाभूळ, बोर आणि खैराच्या काट्यांची भोके त्याने भरून निघतात, पण खडीने चिरलेली बाजू निघत नाही. त्यासाठी आतून लावायचा टायरचा तुकडा, जादा ट्यूब आणि पंप हवाच. सोबत रुंद क्रेप बँडेज आणि त्रिकोणी झोळी असली की वाडीतला पंचा मागावा लागत नाही. एकट्याने जाऊ नये. कोणत्या गावावरून कुठे जाणार आणि किती वाजता डांबरावर येणार, हे घरी लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट मालकीची. उपग्रह-नकाशावर दिसणारी प्रत्येक पांढरी रेघ सार्वजनिक रस्ता नसते. शहापूर तालुक्याचा मोठा भाग तानसा अभयारण्यात येतो. सुमारे 320 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले. माहुली किल्ला त्याच रानात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि सायकल याला अपवाद नाही. 2014 मध्ये याच तानसात रानपिंगळा आढळला. नामशेष झाला असे समजले गेलेले हे घुबड 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडले होते. अशा रानात संध्याकाळनंतर दिवे आणि आवाज घेऊन फिरणे बरोबर नाही. इथे बिबट्याचाही वावर आहे, त्यामुळे अंधारापूर्वी डांबरावर पोहोचणे स्वतःच्याही हिताचे.

तानसा धरण 1892 चे. तानसा आणि भातसा ही मुंबईच्या पाण्याची मोठी ठिकाणे, म्हणून धरणांच्या भिंती आणि जलवाहिन्यांलगतचे सेवारस्ते सुरक्षेखाली आहेत. तिथली पाटी वाचावी आणि पहारेकरी नाही म्हणाला तर हुज्जत न घालता परतावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. त्यावर दुचाकी आणि सायकलींना बंदी आहे. राहिली शेतातली वाट. ती काट्यांच्या झापांनी बंद केलेली दिसली तर ते कुंपण समजावे. झाप बाजूला करून पुढे गेले की मागून गुरे पिकात शिरतात, आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सायकलस्वाराने हे कायम लक्षात ठेवावे. डिसेंबरात विहिरीवर बाटली भरून घेणे सहज चालते. एप्रिल-मे महिन्यांत तेच पाणी एखाद्या बाईने हंड्यातून दूरवरून डोक्यावर आणलेले असते. मार्चपासून पुढे तीन लिटर पाणी आपलेच न्यावे आणि अकराच्या आत फेरी संपवावी. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात, माळावरचे वाळलेले गवतही कधी पेटते. धूर दिसला तर त्या दिशेने जाऊ नये, आणि विडी-सिगारेट वा चूल रानात पेटवू नये. वणवा दिसल्यास वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे.

पावसाळा या वाटांचा नव्हेच. चिखल चाक आणि चौकटीच्या मध्ये भरून सायकल जागेवर अडते. खरा धोका फरशी पुलांचा आहे. काळू, शाई या नद्या आणि त्यांच्या ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस झाला की पाण्याखाली जातात. खाली ऊन असले तरी. जवळच्याच उल्हास नदीकाठी 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जे पाणी रेल्वेगाडी अडवते त्यात सायकल घालू नये. फरशीवरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढे का असेना, तर परत फिरावे.

सापाची भीती बाळगण्यापेक्षा तयारी बाळगावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप कोकणपट्टीत आहेत. गवतात सायकल आडवी टाकून बसू नये, दगडावर बसण्यापूर्वी काठीने चाचपावे. दंश झालाच तर अवयव हलू देऊ नये, आवळून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविषाची लस हाच उपचार.

नवख्यांनी सुरुवात डांबराच्या कण्यावरून करावी. शहापूर-शेणवे-किन्हवली-सरळगाव-मुरबाड हा रस्ता धरला की मधल्या गावांत चहा, पाणी, पंक्चरचे दुकान आणि परतीची एसटी मिळते. त्याला फुटणाऱ्या मातीवाटा थोड्या थोड्या आत जाऊन पाहता येतात. पुढे सरावलेल्यांना शहापूरहून डोळखांबमार्गे आजोबा डोंगराच्या पायथ्याचे डेहणे, किंवा मुरबाडहून म्हसामार्गे गोरखगडाखालचे देहरी हे पल्ले आहेत. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. त्या दिवसांत हा रस्ता माणसांनी आणि बैलांनी भरलेला असतो, तेव्हा सायकलफेरी दुसरीकडे ठेवावी. लोकलने सायकल न्यायची असेल तर मालडब्याचे नियम स्थानकावर आधी विचारून घ्यावेत.

आणि एक विनंती. या वाटा ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी आणि कुणबी घरांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या आहेत. गुरे समोर आली तर थांबा, अंगणातून जाताना उतरून चाला, परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढू नका, आणि जिथे चहा प्याल तिथे पैसे विचारून द्या. पुढच्या वाटेबद्दल पाड्यावर जे सांगतील, ते नकाशाच्या विरुद्ध असले तरी पाड्याचेच ऐका.